एका ‘व’चा काथ्याकूट

उद्यानात ताईंना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि शुद्धलेखनावरून त्यांची बोलणी खाल्ली नाहीत असाही नाही. झाडांच्या पाट्या रंगवणं हे त्यांचं काम. प्रत्येक झाडापुढे हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत झाडाचं नाव, कूळ, मूळ ठिकाण आणि खाली दोन-चार ओळींची माहिती. लोक झाडं बघायला येतात असं उद्यानाचं म्हणणं. लोक पाट्या वाचायला येतात आणि झाडं आपली सावलीपुरती उभी असतात, असं ताईंचं.

काचघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं राज्य होतं. भिंतीला टेकवलेल्या पाट्या, खिडकीत जुन्या बरण्यांमधून डोकी वर काढून उभे असलेले ब्रश, टर्पेंटाइनचा वास आणि एक स्टूल. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं की ताई त्याच्याकडे नुसत्या बघायच्या आणि तो उठायचा. त्यांची कामाची पद्धतही साऱ्या रंगाऱ्यांच्या उलटी. बाकीचे आधी वरची रेघ मारून घेतात आणि मग दोरीवर कपडे टाकावेत तशी खाली अक्षरं टांगत जातात. ताई आधी सगळी अक्षरं उघड्या डोक्यानं लिहायच्या. मग लांबून बघायच्या, जवळून बघायच्या, एखादी वेलांटी फडक्यानं पुसून पुन्हा काढायच्या. सगळं मनासारखं जमलं की श्वास रोखून एका दमात शिरोरेषा ओढायच्या. एकदा रेघ ओढली की विषय संपला. मग चूक दाखवायला खुद्द संचालकबाई आल्या तरी ताई ब्रश धुता धुता म्हणायच्या, “आता शब्द मिटला.”

आता त्यांची एक खोड सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं. ताईंच्या हातून आयुष्यात कधी काही झालंच नव्हतं. सगळं आपोआप व्हायचं. कप फुटायचा. दूध उतू जायचं. किल्ली हरवायची. रागानं कपाटाचं दार आपटून त्याची कडी हातात आली, तरी ताई कडी दाखवून म्हणणार, “ही बघ, निघाली.” बरं, चांगल्या गोष्टींचं श्रेय तरी घ्यावं की नाही? तेही नाही. पाटी काय देखणी केलीत हो, असं कुणी म्हटलं तर, “झाली खरी.” आभार मानायला कुणी तोंड उघडलं की यांना नेमकं आठवायचं, की आत पंखा चालू राहिलाय.

आणि नशीब असं, की त्यांच्याच घरात त्यांची धाकटी बहीण राहत होती, जिला प्रत्येक गोष्ट कुणी केली हे कळल्याशिवाय घास गिळवत नसे. “फुटला नाही ताई, फोडलास. आपण होऊन फुटायला तो काय अंडं आहे?” धाकटी उद्यानातच गाईड होती. दिवसभर शाळांच्या सहली आणि पर्यटकांचे घोळके यांच्यापुढे बोलायची आणि घरी आली की उरलेलं ताईंपुढे. ताईंपेक्षा ती बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. ताईंना तेव्हा शहरात एका पाट्यांच्या दुकानात नुकतंच काम लागलं होतं. ती हकिगत ताई एका वाक्यात उरकायच्या: “मी इथे आले, मग हीपण आली.” पुढे धाकटीचं लग्न झालं, फिसकटलं, आणि एक मुलगी घेऊन ती परत आली. तेव्हाही ताईंचं वाक्य तेवढंच: “आली, बरं झालं.” त्या मुलीला दोघींनी मिळून वाढवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात तीन बायका आणि एक न्हाणीघर, म्हणजे सकाळी काय धुमश्चक्री चालत असेल ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

ती भाची आता मोठी झाली होती, समुद्रापलीकडे नोकरीला होती आणि तिला दिवस गेले होते. एका रविवारी तिचा फोन आला.

“आई, तू येतेस ना? बाळ जरा मोठं होईपर्यंत तरी. मावशी, पाठवतेस ना हिला?”

“येईल की, यायची असली तर,” ताई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर धाकटी बराच वेळ कांदा चिरत राहिली. मग म्हणाली, “तू सांग. जाऊ की नको?”

“जायचं ठरलं की होईल जाणं.”

“ठरलं की म्हणजे? ठरवणार कोण, हवामान खातं?”

ताईंना आत चालू राहिलेला पंखा आठवला. खरं काय ते त्यांचं त्यांना माहीत होतं. धाकटी गेली तर घर खायला उठणार होतं. नको जाऊस म्हणावं तर पोरीची आई पोरीपासून तोडल्याचं पाप, आणि जा म्हणावं तर जीभ उचलत नव्हती. त्यापेक्षा जे होईल ते आपोआप होऊ दे, असं धरून त्या गप्प बसल्या. धाकटीही हट्टाला पेटली. ताई बोलल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. दिवस मात्र कुणासाठी थांबत नव्हते. तिकडे भाचीचं पोट वाढत होतं आणि इकडे तिकिटाचा पत्ता नव्हता.

नारळ या घरात शिरला तो अशा वेळी.

दुरुस्तीनंतर काचघर पुन्हा उघडायचं होतं. त्यात एक नारळाचं झाड होतं, छताला टेकायला आलेलं. संचालकबाईंनी त्याच्या पाटीचा मजकूर घाईघाईत लिहून पाठवला. शेवटची ओळ होती: ‘अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो दूरच्या बेटांवरून समुद्रमार्गे पोचवला.’

ताईंनी चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. पोचवला? कुणी पोचवला? वाक्यात कर्ताच नाही. शिकलेल्या बाईंनी असं लंगडं वाक्य लिहावं, म्हणजे घाईत हात घसरला असणार. ताईंनी मनातल्या मनात बाईंना माफ केलं, आगंतुक ‘व’ काढून टाकला आणि पत्र्यावर झोकात लिहिलं, ‘समुद्रमार्गे पोचला.’ रेघ तेवढी ओढायची राहिली होती.

तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. तिनं पाटी वाचली, कागद वाचला आणि दोन्ही कप खाली ठेवले.

“ताई, तू ‘व’ खाल्लास.”

“खाल्ला नाही. गळला.”

“गळला कसा? बाईंनी लिहिलंय, पोचवला. म्हणजे माणसांनी होडीतून नेला. तू लिहिलंस, पोचला. म्हणजे आपला आपण तरंगत गेला. एका अक्षरात तू अख्खा इतिहास बुडवलास.”

“नारळ तरंगतो,” ताई म्हणाल्या. “काथ्या कशासाठी दिलाय त्याला? पाण्यात पडला, प्रवाहाला लागला, किनाऱ्याला आला, रुजला. त्यात माणसाचं काय काम?”

“एवढा महासागर? वाटेत सडेल तो. आणि लाटेनं वाळूवर टाकला तरी खाऱ्या वाळूत कोण जगवणार त्याला?”

“आणि होडीतल्या माणसांनी नेला म्हणतेस, ती माणसं उपाशीतापाशी, तहानेनं व्याकूळ. समोर नारळ. न फोडता पलीकडे नेऊन लावतील होय?”

“सगळे संपले नाहीत. उरला एखादा.”

“बघ,” ताई म्हणाल्या, “उरला.”

झालं. तिथून जे घोडं अडलं ते अडलं. ताईंनी रेघ ओढली नाही आणि ‘व’ही घातला नाही. पाटी उघड्या डोक्यानं भिंतीला टेकून राहिली. आठवड्याभरात उद्यानात दोन तट पडले. तिकीट खिडकीवरचे लोक होडीच्या बाजूचे, कारण तिथे बसून त्यांचा आपोआप काही होतं यावर विश्वास उरला नव्हता. माळी मंडळी प्रवाहाच्या बाजूची. न लावलेली झाडं रोज उगवतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? धाकटीनं तर सहलीच्या पोरांनाही यात ओढलं. काचघरासमोर उभी राहून ती विचारायची, “तरंगत की होडीतून?” आणि पोरं एका सुरात ओरडायची ती थेट ताईंच्या शेडपर्यंत ऐकू जायची. होडीतून.

शेवटी ताईंनी प्रयोग करायचं ठरवलं. म्हणजे त्यांच्या भाषेत, प्रयोग झाला. काथ्यासकट एक नारळ कमळांच्या तळ्यात पडला. पडला कसा, हे कुणी विचारायचं नाही. तळ्याच्या पलीकडचा काठ म्हणजे अमेरिका, असं सर्वांनी मान्य केलं. नारळ तरंगला यात शंका नाही. पण वाऱ्यानं तो रोज फिरून फिरून पंपाजवळच्या त्याच कोपऱ्यात यायचा आणि दिवसभर तिथेच धक्के खात राहायचा. धाकटी येता-जाता विचारायची, “काय, कुठवर आली स्वारी?” ताई म्हणायच्या, “महासागर मोठा असतो.”

आणि एका सकाळी नारळ पलीकडच्या काठाला. चिखलात व्यवस्थित रुतून बसलेला. ताई शेडमधून धावत आल्या. या वयात त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहिलं, असं तिकीट खिडकीवाले अजून सांगतात.

“पोचला,” ताई म्हणाल्या.

धाकटीनं नारळाकडे बघितलं, काठाकडे बघितलं आणि मग हेडमाळ्याकडे बघितलं. हेडमाळ्याला सगळे ठिबक म्हणायचे, कारण तो थेंबाथेंबानं बोलायचा. त्याच्या हातात तळ्यातली पानं ओढायचा लांब बांबू होता.

“ठिबकभाऊ, खरं सांगा. तुम्ही ढकललात का?”

ठिबकनं विचार केला. “पानं,” तो म्हणाला. बऱ्याच वेळानं दुसरा थेंब पडला. “काढत होतो.”

“म्हणजे ढकललात.”

“लागला,” ठिबक म्हणाला. “बांबू.”

“लागला,” ताई म्हणाल्या, “ढकलला नाही. ऐकलंस?”

यावर धाकटीनं ठिबककडे अशा काही नजरेनं बघितलं, की तो बिचारा पुढचे चार दिवस तळ्याकडे फिरकला नाही आणि तळ्यात पानंच पानं झाली. संचालकबाईंपर्यंत तक्रार गेली ती त्या पानांची. बाई आल्या, तळं पाहिलं, नारळ पाहिला, शेडमध्ये येऊन पाटी पाहिली आणि ताईंच्या स्टुलावर बसल्या. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि उभ्यानंच बोलल्या.

“अहो, एवढं भांडण्यासारखं त्यात काय आहे? पूर्व किनाऱ्यावरचं सरळ आहे, तिथे तो नंतरच्या जहाजांनी नेला. वाद आहे तो पश्चिम किनाऱ्याचा. कुणी म्हणतं वाहत गेला. कुणी म्हणतं बेटांवरच्या दर्यावर्दींनी नेला, कारण तिथले नारळ त्या बेटांवरच्या नारळांशी जुळतात. आणि पहिल्या खलाशांनी तिथे पाहिलेलं झाड नारळाचंच होतं की दुसरंच कुठलं, याचीही काहींना शंका आहे. मी घाईत एकच बाजू लिहिली, चुकलंच माझं. असं लिहा: तो तिथे प्रथम कसा पोचला याविषयी अजून वाद आहे.”

बाई गेल्या. ताईंच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही समाधान पसरलं, की विचारू नका.

“पोचला,” त्या म्हणाल्या. “बाईंच्या तोंडून आलं. व नाही.”

त्यांनी जुनी ओळ फडक्यानं पुसली, नवी लिहिली, लांबून बघितली, जवळून बघितली आणि ब्रश रंगात बुडवला. रेघ ओढायला हात उचलला, तेव्हा दारात उभी असलेली धाकटी बोलली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

“ओढ रेघ. तुला तेच हवंय. कुणी कुणाला आणलं नाही, कुणी कुणाला नेलं नाही. सगळे आपले पाण्यावर पडले आणि लागले कुठेतरी.”

“अगं, नारळाबद्दल चाललंय,” ताई म्हणाल्या.

“मी नारळाबद्दल नाही बोलत. मी सात वर्षांची होते, ताई. वाटेत माझी चप्पल तुटली तर स्टँडपासून कडेवर घेऊन आलीस तू मला. तुझ्या हॉस्टेलात मुलं ठेवायला मनाई होती, तर पलंगाखाली लपवलंस आणि तुझ्या ताटातलं मला घातलंस. हे मला आठवतंय. पण तू कुणालाही सांगताना म्हणतेस, हीपण आली. मी काय वाहत आले होते? आयुष्यभर वाट बघतेय, एकदा तरी म्हणशील, मी आणली. एकदा तरी म्हणशील, ती मला हवी होती. आणि आता जाऊ की नको विचारलं, तरी तेच. मी गेले काय, राहिले काय, तुझ्या लेखी वारा सुटला.”

एवढं बोलून ती गेली. बाहेर सहल थांबली होती, आणि तिला जाऊन पोरांना निवडुंग दाखवायचा होता. ताईंच्या ब्रशावरून रंगाचा एक थेंब खाली पडला. त्या दिवशी रेघ काही ओढली गेली नाही.

ताई त्या स्टुलावर बसून राहिल्या. आता यात गंमत करण्यासारखं काही नाही, तेव्हा सरळच सांगतो. धाकटीला आणलं हे त्यांनी कधी म्हटलं नाही, ते मुद्दामच. दुकानात पाट्या रंगवताना त्यांनी माणसं पाहिली होती, ‘मी तुला वाढवलं’ म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या मानेवर बसलेली. पोरीला वाटायला नको की ताईचे उपकार आहेत. उपकाराखाली दबलेलं माणूस राहतं ते कर्तव्य म्हणून, आणि ताईंना ती तशी राहायला नको होती. म्हणून त्या पोरीला पहिल्या दिवसापासून सांगत आल्या, तू आपली आपण आलीस. त्यांना वाटलं, आपण तिला मोकळं ठेवलं. आपण तिला बेवारशी करून टाकलं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. डोळे पुसायला त्यांनी हाताला लागलं ते फडकं घेतलं. ते टर्पेंटाइनचं निघालं, आणि मग डोळ्यांतून जे पाणी आलं त्याला काही धरबंध राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यानाला सुट्टी होती. सकाळी चहा झाल्यावर ताईंनी चप्पल घातली.

“चल,” त्या म्हणाल्या.

“कुठे?” धाकटी अजून फुगलेली होती.

“चल म्हणते ना. पासपोर्ट घे.”

तिकिटांचं ऑफिस चौकातच होतं, केशकर्तनालयाच्या वर. अरुंद जिना, वर काचेचं दार, आत एक गोरटेला एजंट, आणि त्याच्यामागे भिंतीवर निळ्या समुद्राचं भलंमोठं चित्र. दोघी खुर्च्यांवर बसल्या. धाकटी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. ताईंनी सवयीनं टेबलावरचा फलक वाचला. त्यात ‘सुविधा’ चुकीचा लिहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत, यावरून प्रसंग किती बाका होता ते कळावं.

“दोघी जाताय का?” एजंटनं विचारलं.

“नाही. ही.”

“म्हणजे यांचं जायचं ठरलंय.”

“ठरलं नाही,” ताई म्हणाल्या. “मी पाठवतेय हिला.”

धाकटीनं मान वळवून ताईंकडे बघितलं. ताई समोरच्या समुद्राकडे बघत होत्या.

“बरं,” एजंट म्हणाला. त्याला यात काही विशेष दिसलं नाही. “एकेरी काढू की परतीचं? परतीचं आत्ता काढलं तर तारीख बांधली जाते. पुष्कळ आया एकेरीच काढतात. तिकडे गेल्या की नातवंडांत रमतात.”

खालून हजामतीच्या मशीनची घरघर तेवढी येत होती. धाकटी वाट बघत होती हे ताईंना न बघता कळत होतं. सात वर्षांची होती तेव्हाही ती अशीच गप्प बसून वाट बघायची.

“परतीचं काढा,” ताई म्हणाल्या. “बाळ जरा मोठं झालं की मी तिला परत आणणार आहे.”

“तुम्ही जाणार आणायला?”

“गरज पडली तर जाईन.”

एजंट हसला. “आणायचं काम आमच्या विमानाचं, ताई. तुम्ही निवांत राहा.”

“विमान विमानाचं काम करेल. आणणार मी. आधीही मीच आणली होती.” ताईंची गाडी आता थांबेना. “बसमधून आणली, हॉस्टेलच्या मागच्या दारानं आत घेतली, सहा महिने लपवून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं मला. गावी वडील म्हणत होते, राहू दे इथेच. मीच ऐकलं नाही. मला तिच्याशिवाय करमलं नसतं, म्हणून आणली. आत्ताही करमणार नाही. तरी पाठवतेय.”

एजंटला यातलं काय कळलं ते तोच जाणे, पण त्यानं कळफलकावरचे हात काढून घेतले. धाकटीनं पर्स उघडली, रुमाल शोधला, तो मिळेना म्हणून ताईंच्या खांद्यालाच तोंड लावलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

“रडवलंस मला,” धाकटी खांद्यातूनच म्हणाली.

“हो,” ताई म्हणाल्या. “रडवलं. आता त्यांना पासपोर्ट दे.”